आउटबोर्ड इंजिन व पंख्यातील बिघाडांचे निदान

आउटबोर्ड इंजिन हे होडीच्या मागच्या उभ्या फळीवर बाहेरून बसवले जाणारे, इंजिन, दंतचक्रपेटी व पंखा (प्रोपेलर) एकत्र असलेले स्वयंपूर्ण चालनयंत्र होय. ते फळीवरून काढता येते, वर उचलता येते आणि डावी-उजवीकडे वळवून होडीला दिशाही देते. त्यामुळे अशा होडीला वेगळ्या सुकाणूची गरज नसते. इंजिन चालू असूनही होडीला अपेक्षित वेग न मिळणे, भार घेताना इंजिन दबणे, आवाज वाढूनही होडी पुढे न सरकणे, थरथर होणे किंवा काही मिनिटांनी इंजिन बंद पडणे या तक्रारी सर्वसाधारण आहेत. त्यांची कारणे इंजिनात, पंख्यात, इंजिनाच्या बसवणीत किंवा खुद्द होडीत असू शकतात. लक्षणे एकमेकांसारखी दिसत असल्याने दोष नेमका कोणत्या बाजूचा आहे हे आधी ठरवणे हा निदानाचा पहिला टप्पा मानला जातो. इंजिनाची फिरण्याची गती आणि होडीचा प्रत्यक्ष वेग ही दोन वाचने एकत्र पाहिल्यास हा निर्णय बहुतेक वेळा घेता येतो.

पार्श्वभूमी

नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन तंत्रज्ञ ओल एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे आउटबोर्ड इंजिनाचे व्यापारी उत्पादन सुरू केले. त्यापूर्वीही असे प्रयत्न झाले होते; तथापि हलके, एका माणसाला उचलता येणारे इंजिन ही कल्पना त्यानंतर सर्वत्र रुळली. महाराष्ट्रात कोकण किनाऱ्यावरील लहान मासेमारी होड्या, पर्यटकांच्या नौका, धरणांच्या जलाशयांतील प्रवासी होड्या आणि पुराच्या वेळी बचाव पथकांनी वापरायच्या हवा भरलेल्या रबरी होड्या यांवर ही इंजिने दिसतात.

सोलापूर जिल्ह्यात या इंजिनांचा मुख्य वापर भीमा नदीवरील उजनी धरणाच्या जलाशयात होतो. माढा तालुक्यातील उजनी येथील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखला जाणारा त्याचा जलाशय माढा व करमाळा तालुक्यांसह पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड तालुक्यांपर्यंत पसरलेला आहे. पाण्यामुळे समोरासमोरची गावे एकमेकांपासून तुटली. रस्त्याने मोठा वळसा घालावा लागत असल्याने काठावरील लोक होडीने ये-जा करतात. मासेमारी आणि भिगवण परिसरातील रोहित पक्षी पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांची वाहतूक हेही या होड्यांचे काम आहे.

२१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगाव व इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. एक जण पोहून काठावर पोहोचला. ही दुर्घटना वादळी वाऱ्यामुळे घडली असली, तरी उघड्या जलाशयात वारा सुटल्यावर होडी किती असुरक्षित असते हे तिने दाखवून दिले. लाटांकडे तोंड करून राहण्यासाठी होडीला पंख्याचा जोर लागतो. तो जोर गेल्यास होडी बहुधा वाऱ्याला आडवी होते आणि लाटा तिच्या बाजूवर आदळू लागतात. म्हणून जलवाहतुकीत इंजिनाची कार्यक्षमता हा इंधनाच्या बचतीइतकाच प्रवाशांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

रचना

आउटबोर्ड इंजिनाचे तीन भाग पडतात. वरच्या झाकणाखाली प्रत्यक्ष इंजिन असते. ते द्विआघाती (टू-स्ट्रोक) किंवा चतुराघाती (फोर-स्ट्रोक) असते. मधल्या उंच भागातून उभा दंड खाली जातो. धूर व थंडाव्याचे पाणी बाहेर पडण्याचे मार्गही येथेच असतात. पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागात दंतचक्रपेटी असते. तेथील तिरकी दंतचक्रे उभ्या दंडाची गती आडव्या दंडाला देतात आणि त्या दंडावर पंखा बसवलेला असतो. दंतचक्रांमुळे पंखा इंजिनापेक्षा कमी गतीने फिरतो. हे प्रमाण बऱ्याच इंजिनांत दोनास एकच्या आसपास असते.

पंख्याच्या वर एक आडवी सपाट पट्टी असते. पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे ओढली जाऊ नये हा तिचा हेतू आहे. पाणी खेचणारा रबरी पात्यांचा छोटा पंप (इम्पेलर) उभ्या दंडावरच बसवलेला असतो. तो बाहेरचे पाणी इंजिनाभोवती फिरवतो व त्यातील थोडे पाणी मागच्या लहान छिद्रातून बारीक धारेने बाहेर पडते. ही धार म्हणजे पंप पाणी खेचत असल्याची खूण होय.

पंख्याचा आकार व्यास आणि पिच या दोन मापांनी सांगतात व ती दोन्ही इंचांत असतात. लाकडात स्क्रू एका फेऱ्यात जितका आत जातो, त्याप्रमाणे घन पदार्थात पंखा एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पिच. कमी पिचचा पंखा गाडीच्या खालच्या गिअरसारखा असतो. तो ओझे सहज ओढतो, पण त्याचा कमाल वेग कमी असतो. जास्त पिचचा पंखा वरच्या गिअरसारखा असतो. हलक्या होडीला तो वेग देतो, पण भरलेल्या होडीत इंजिनाला दाबून टाकतो.

निदानाचे मूळ तत्त्व

प्रत्येक इंजिनासाठी पूर्ण थ्रॉटलवर अपेक्षित असलेली फिरण्याची गती उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली असते. अनेक चतुराघाती इंजिनांत ती मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या (आरपीएम) दरम्यान असते. नेहमीचा भार घेऊन, शांत पाण्यात, पूर्ण थ्रॉटलवर होडी चालवून गती व वेग नोंदवल्यास पुढील तीनपैकी एक स्थिती आढळते.

पहिली स्थिती: गती जास्त, वेग कमी. इंजिन मोकळेपणाने फिरते, पण त्याचा जोर पाण्यापर्यंत पोहोचत नाही. दोष पंख्यात, पंख्याच्या मध्यभागातील रबरी जोडात, पंख्याकडे शिरणाऱ्या हवेत किंवा इंजिनाच्या उंचीत शोधावा लागतो. अशा वेळी कार्ब्युरेटर उघडणे व्यर्थ ठरते.

दुसरी स्थिती: गती कमी, वेगही कमी. येथे दोन शक्यता असतात. एक तर इंजिन पूर्ण शक्ती देत नाही, किंवा त्याच्यावर पेलवणार नाही इतका भार पडला आहे. जास्त पिचचा पंखा, जादा माणसे, तळात साठलेले पाणी, तळावरचे शेवाळ आणि पंख्याला गुंडाळलेले जाळे ही भाराची कारणे होत. ती एकेक करून दूर केल्यावरही गती वाढली नाही, तर इंजिनाकडे वळावे लागते.

तिसरी स्थिती: गती योग्य, वेग कमी. इंजिन निरोगी असून पंखाही पाणी पकडतो आहे. मात्र होडी जड झाली आहे, तिचा तोल बिघडला आहे, तळ खडबडीत झाला आहे किंवा पंखा त्या होडीसाठी कमी पिचचा आहे.

हाताने वळवायच्या लहान इंजिनांवर गतिमापक नसतो. त्यांच्यासाठी ठिणगीच्या तारेभोवती वायर गुंडाळून वाचन देणारा साधा मापक मिळतो. वेग भ्रमणध्वनीवरील जीपीएसने मोजता येतो. वाऱ्याचा परिणाम वगळण्यासाठी त्याच मार्गावर दोन्ही दिशांनी वेग मोजून सरासरी काढतात.

घसरीचे गणित

पाणी घन नसल्याने पंखा पिचइतका पुढे जात नाही. सैद्धांतिक व प्रत्यक्ष वेगातील तुटीला घसर (स्लिप) म्हणतात. समजा, इंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्या घेत आहे, दंतचक्रांचे प्रमाण दोनास एक आहे आणि पंख्याची पिच ९ इंच, म्हणजे २२.८६ सेंटिमीटर आहे. पंखा मिनिटाला २,५०० फेऱ्या घेतो. म्हणून सैद्धांतिक अंतर मिनिटाला ५७१.५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४.३ किलोमीटर होते. जीपीएसवर वेग ताशी २४ किलोमीटर दिसत असेल, तर घसर सुमारे ३० टक्के ठरते. पंखा दुरुस्त केल्यावर त्याच गतीला वेग २७.५ किलोमीटर झाला, तर घसर सुमारे २० टक्क्यांवर आली असे समजते.

घसर शून्य असणे शक्य नाही. थोडी घसर नसेल तर पंखा पाण्याला मागे ढकलूच शकणार नाही. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या होड्यांत ती साधारणपणे १० ते २० टक्के असते. जड, पाण्यात बसून चालणाऱ्या होड्यांत ती बरीच जास्त असते. म्हणून दुसऱ्या होडीच्या आकड्याशी तुलना करण्यापेक्षा त्याच होडीच्या चांगल्या अवस्थेतील नोंदीशी तुलना करणे अधिक विश्वसनीय ठरते. इंजिन नवे असताना किंवा पूर्ण दुरुस्तीनंतर माणसांची संख्या, गती आणि वेग वहीत लिहून ठेवल्यास पुढील प्रत्येक तक्रारीला मोजपट्टी मिळते.

पंख्याशी संबंधित दोष

पात्यांची हानी: पात्याची कड चेपणे, तुटणे किंवा वाकणे यामुळे वेग घटतो व थरथर होते. उजनीसारख्या जलाशयात हा धोका ऋतूप्रमाणे बदलतो. उन्हाळ्यात पाणीसाठा उपयुक्त पातळीखाली, म्हणजे बोलीभाषेत ‘वजा’मध्ये जातो, तेव्हा धरणात बुडालेल्या गावांचे अवशेष वर येऊ लागतात, इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील पळसनाथाचे जुने मंदिर अशाच वेळी पाण्याबाहेर दिसते. पूर्ण उघडे न पडलेले चौथरे, भिंती आणि झाडांचे बुंधे पाण्याखाली हात-दोन हातांवर असतात आणि पंख्याचा घात करतात. ॲल्युमिनियमचा पंखा आघाताने वाकतो किंवा तुटतो, पण त्यामुळे दंतचक्रे वाचण्याची शक्यता वाढते. पोलादी पंखा टिकाऊ असला तरी मोठा आघात दंडापर्यंत पोहोचवू शकतो. पंखा काढून सपाट जागेवर ठेवल्यास व प्रत्येक पात्याच्या टोकाची उंची पट्टीने मोजल्यास वाकलेले पाते ओळखता येते. आघातानंतर पंखा सरळ दिसत असूनही थरथर कायम राहिल्यास पंख्याचा दंड वाकला असण्याची शक्यता असते.

मध्यजोड घसरणे: बऱ्याच पंख्यांच्या मध्यभागी रबरी जोड असतो. आघाताच्या वेळी तो घसरून दंतचक्रांना वाचवतो. तो एकदा सैल झाला की कमी थ्रॉटलवर होडी नीट चालते. थ्रॉटल वाढवताच इंजिन किंचाळू लागते आणि वेग मात्र वाढत नाही. हा दोष ओळखण्याची सोपी रीत आहे. पंख्याच्या आतल्या व बाहेरच्या भागावरून रंगाची एकच सरळ रेघ ओढावी आणि होडी चालवून आणावी. रेघ तुटलेली दिसल्यास जोड घसरला आहे. लहान इंजिनांत रबरी जोडाऐवजी मऊ धातूची खीळ असते व आघाताने ती तुटते. तिच्या जागी पोलादी खिळा ठोकण्याची सवय घातक आहे, कारण पुढच्या आघाताला खिळ्याऐवजी दंतचक्रे तुटतात.

वायुप्रवेश (व्हेंटिलेशन): पृष्ठभागावरची हवा किंवा इंजिनाचा धूर पंख्यात ओढला गेल्यास पंख्याची पाण्यावरची पकड सुटते. इंजिनाची गती एकदम चढते व होडी ओढ सोडते. वळण घेताना, उंच लाटेवर किंवा माणसे पुढे सरकल्याने होडीचा मागचा भाग उचलला गेल्यावर हे विशेषतः जाणवते. इंजिन फार वर बसवणे व ते मागे फार कलवणे ही याची नेहमीची कारणे आहेत.

पोकळीभवन (कॅव्हिटेशन): याची वायुप्रवेशाशी नेहमी गल्लत केली जाते. दाब पुरेसा कमी झाला की पाणी नेहमीच्या तापमानालाही उकळते. वेगाने फिरणाऱ्या पात्याच्या एका बाजूला दाब इतका उतरतो की वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते थोडे पुढे जाऊन फुटतात व प्रत्येक फुटण्यासरशी धातूवर सूक्ष्म घाव बसतो. पात्यावर एकाच जागी खरबरीत, खाल्ल्यासारखे डाग दिसले तर ते पोकळीभवनाचे लक्षण होय. कडेची खाच, वाकलेले पाते किंवा पंख्यापुढे अडकलेली पिशवी यांमुळे पाण्याचा प्रवाह फाटतो आणि तेथून ते सुरू होते.

अडकलेल्या वस्तू: जलपर्णी, गवत, प्लॅस्टिकच्या पिशव्या व जाळ्याचे तुकडे पंख्याला गुंडाळले जातात. जलपर्णी वर दिसते व लगेच काढता येते. नायलॉनचा तंगूस मात्र पंख्याच्या मागे दंडावर बसून राहतो आणि तेथील रबरी सील कापतो. मग दंतचक्रपेटीत पाणी शिरते. पेटीतील तेल दुधाळ दिसल्यास सील गेले आहे असे समजावे. मासेमारीच्या होड्यांत पंखा वेळोवेळी काढून दंड पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

चुकीचा पंखा: साधारणपणे पिच १ इंचाने वाढवल्यास कमाल गती १५० ते २०० फेऱ्यांनी घटते व तेवढीच कमी केल्यास वाढते. इंजिन नेहमीच्या भाराने ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोहोचत नसेल, तर कमी पिचचा पंखा लावणे हा उपाय असतो. जास्त पिचवर सतत चालवलेले इंजिन घाटात वरच्या गिअरमध्ये चढवलेल्या गाडीसारखे दबते, तापते व लवकर झिजते.

बसवणी व होडीशी संबंधित दोष

होडीच्या मागच्या फळीच्या उंचीनुसार इंजिनाच्या दांड्याची लांबी निवडतात. १५, २० व २५ इंच ही त्याची प्रचलित मापे आहेत. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित वर यावी, असा सामान्य नियम आहे. पट्टी फार वर आल्यास हवा शिरते. फार खाली गेल्यास पाण्याचा अडथळा वाढून वेग घटतो व मागे पाण्याचे फवारे उडतात.

इंजिनाचा कलही महत्त्वाचा असतो. ते होडीकडे फार आत कलल्यास पुढचे टोक पाण्यात दबते. बाहेर फार कलल्यास टोक उचलले जाते आणि होडी डोलत उड्या मारू लागते. लहान इंजिनांत फळीजवळच्या खिळीचे भोक बदलून कल ठरवतात. माणसे व सामान यांची मांडणी बदलल्यावर योग्य कलही बदलतो.

भाराकडे बहुतेकदा शेवटी लक्ष जाते. दहा प्रौढ माणसे म्हणजे सुमारे ६०० ते ७०० किलो वजन होय. दुहेरी तळाच्या फायबर होडीत भेगेतून आत मुरलेले पाणी बाहेरून दिसत नाही, पण तेही रोज वाहिले जाते. तळावर साठलेले शेवाळ किंवा समुद्रातील शिंपवर्गी जीवांचा थर घर्षण वाढवतो. महिनोन्‌महिने पाण्यातच ठेवलेल्या होडीचा वेग हळूहळू उतरतो, तेव्हा दोष इंजिनाला दिला जातो. तळ खरवडून स्वच्छ केल्यावर तो वेग पुष्कळदा परत मिळतो.

इंजिनाशी संबंधित दोष

इंधनपुरवठा: इंजिन सुरू होऊन काही मिनिटांनी बंद पडत असेल, तर टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू प्रथम पाहतात. तो बंद राहिल्यास टाकीत निर्वात तयार होऊन पेट्रोल पुढे सरकत नाही. इंधननळीवरील रबरी फुगा अशा वेळी आत ओढलेला, चपटा आढळतो. फुगा दाबताच इंजिन सावरत असेल, तर इंधनपंप कमजोर आहे किंवा नळीच्या जोडातून हवा शिरते आहे. यापुढे गाळणी व कार्ब्युरेटरमधील बारीक छिद्रे तपासतात. महिनोन्‌महिने पडून राहिलेले पेट्रोल चिकट होऊन हीच छिद्रे बुजवते.

इथेनॉल व पाणी: भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साठी ठेवण्यात आले होते. ऊस हा या इथेनॉलचा एक प्रमुख स्रोत आहे. माळशिरस तालुक्यातील श्रीपूर व परिसरासारख्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात मळी व उसाचा रस यांपासून इथेनॉल बनवण्याचे तंत्र परिचित आहे. होड्यांच्या दृष्टीने इथेनॉलचा एक गुणधर्म मात्र अडचणीचा आहे. ते पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेपुढे गेले की इथेनॉल व पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंधन तळातूनच खेचले जात असल्याने इंजिनात पेट्रोलऐवजी हे मिश्रण जाते. जुन्या इंजिनांतील काही रबरी नळ्या व पडदेही इथेनॉलने खराब होतात. पाणी वेगळे करणारी गाळणी बसवणे, ताजे पेट्रोल वापरणे आणि मोसम संपल्यावर टाकी रिकामी करणे हे त्यावरील उपाय होत.

तेलाचे मिश्रण: पूर्वमिश्रित इंधनावर चालणाऱ्या अनेक द्विआघाती इंजिनांत पेट्रोल व तेलाचे प्रमाण ५० : १ असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. तेल जास्त झाल्यास धूर होतो व ठिणगीचा प्लग काळवंडतो. कमी झाल्यास पिस्टन जाम होतो. प्रमाण इंजिनागणिक बदलत असल्याने पुस्तिकेतील आकडाच पाळावा लागतो.

ठिणगी व दाब: प्लगचा रंग हा इंजिनातील ज्वलनाचा पुरावा असतो. फिकट तपकिरी व कोरडा प्लग निरोगी ज्वलन दर्शवतो. काळा, काजळी धरलेला प्लग जादा इंधन किंवा जादा तेल सुचवतो. ओला प्लग ठिणगी पडत नसल्याचे सांगतो. पांढरा, भाजलेला प्लग इंधन कमी पडत असल्याची किंवा इंजिन तापत असल्याची खूण असून ती सर्वांत धोक्याची आहे. दोन सिलिंडरच्या इंजिनात एक सिलिंडर मृत झाल्यासही इंजिन चालू राहते. मात्र जोर निम्म्याहून कमी होतो. सिलिंडरांतील दाब दाबमापकाने मोजून त्यांची परस्परांशी तुलना करतात. त्यात मोठा फरक आढळल्यास कड्या, पिस्टन किंवा झडपा झिजल्या आहेत असे समजते.

थंडावा: मागची धार बारीक होणे किंवा थांबणे ही ताबडतोब इंजिन बंद करण्याची सूचना आहे. गाळ, शेवाळ किंवा पिशवीने पाण्याची जाळी झाकली गेलेली असते, धारेचे छिद्रच बुजलेले असते किंवा पंपाची रबरी पाती झिजलेली असतात. पाण्याबाहेर इंजिन काही सेकंद जरी चालवले, तरी ही पाती कोरडी घासून खराब होऊ शकतात. समुद्रात वापरलेल्या इंजिनाच्या आतील मार्गांत मीठ साचते; म्हणून प्रत्येक वापरानंतर ते गोड्या पाण्याने धुतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेली अनेक इंजिने तापल्यावर किंवा तेलाचा दाब घटल्यावर आपली गती स्वतःच मर्यादित करतात. अशा वेळी गती वाढत नाही हा दोष नसून संरक्षण असते.

थ्रॉटलची तार: तार ताणली गेल्यास हँडल पूर्ण फिरवूनही झडप पूर्ण उघडत नाही. झाकण काढून, इंजिन बंद ठेवून, ही गोष्ट डोळ्यांनी तपासता येते.

उंची व तापमानाचा परिणाम

काही वेळा कोणताही बिघाड नसताना वेग कमी भरतो. उजनी जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर उंच आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा ५ ते ६ टक्के कमी असतो. सोलापूर परिसरात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसवर जाते, तेव्हा हवा आणखी विरळ होते. इंजिनाची शक्ती ज्वलनासाठी मिळणाऱ्या हवेवर अवलंबून असल्याने मालवणच्या किनाऱ्यावर योग्य ठरलेला पंखा त्याच इंजिनाला उजनीवर मे महिन्यात थोडा जड जाऊ शकतो. नोंदींची तुलना शक्यतो त्याच ऋतूतील नोंदींशी केली जाते ती याच कारणाने.

तपासणीचा क्रम

स्वस्त व सोप्या तपासण्या आधी आणि खर्चिक तपासण्या नंतर, तसेच एका वेळी एकच बदल, ही दोन पथ्ये पाळली जातात. पंखा, प्लग व पेट्रोल एकाच दिवशी बदलल्यास होडी सुधारते, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या वेळी तोच खर्च पुन्हा होतो. सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. माणसांची संख्या, सामान व तळातील पाणी पाहणे.
२. इंजिन बंद करून पंखा, जाळी व दंडावरील तंगूस तपासणे.
३. पूर्ण थ्रॉटलवर गती व वेग नोंदवून वरील तीनपैकी स्थिती ठरवणे.
४. गती जास्त असल्यास मध्यजोडाची रेघ, इंजिनाची उंची व कल तपासणे.
५. गती कमी असल्यास टाकीची हवा, रबरी फुगा, गाळणी, थ्रॉटलची तार व प्लग या क्रमाने जाणे.
६. यानंतरही दोष न सापडल्यास सिलिंडरांतील दाब व कार्ब्युरेटर प्रशिक्षित कारागिराकडून तपासून घेणे.

सुरक्षितता

पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली किंवा सुरक्षादोरी काढणे व प्लगची तार सोडवणे आवश्यक आहे. पंखा हाताने फिरवल्याने गिअरमध्ये असलेले इंजिन सुरू होऊ शकते. सुरक्षादोरी चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला बांधलेली असावी. चालक पाण्यात पडला की ती निसटून इंजिन बंद पडते आणि मोकळी होडी फिरून त्याच्यावर येत नाही.

पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडल्यास दुरुस्तीला हात घालण्याआधी होडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवणे हे पहिले काम असते. त्यासाठी नांगर पुढच्या टोकाला बांधून टाकतात. मागच्या टोकाला बांधलेला नांगर होडीचा मागचा, सखल भाग लाटांसमोर आणतो. पाणी खोल असल्यास दोराला बांधलेली बादली पुढच्या टोकावरून सोडतात. ती पाण्यात अडथळा निर्माण करून होडीला आडवी होऊ देत नाही. माणसांनी उभे न राहता तळाशी बसावे, कारण सर्वजण इंजिनाकडे वाकल्यास होडीचा तोल जातो. वल्ही, दोर व पाणी उपसण्याचे भांडे इंजिन कितीही चांगले असले तरी होडीत ठेवले जाते.

देशांतर्गत जलवाहतुकीसाठी केंद्राचा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ लागू असून त्याने १९१७ चा जुना कायदा रद्द केला. यंत्रचलित जलयानांची पाहणी, नोंदणी आणि जीवरक्षक साधने हे या कायद्याचे विषय आहेत. जीवरक्षक जाकीट होडीत ठेवून भागत नाही. होडी उलटण्यास काही सेकंद पुरतात आणि तेवढ्या वेळात ते अंगावर चढवता येत नाही.